अस्थिवैद्य ह्यू ओवेन थॉमस

वेल्सच्या वायव्येस अँगलसी नावाचे एक बेट आहे. त्याचा किनारा खडकाळ असून आयरिश समुद्राच्या लाटा त्यावर सतत आदळत असतात. अठराव्या शतकाच्या मध्यास या किनाऱ्याजवळ एक जहाज फुटले व त्यातून दोन लहान मुलगे कसेबसे किनाऱ्याला लागले, असे त्या बेटावरील लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. मुलांचा वर्ण सावळा होता आणि त्यांची भाषा तेथे कोणालाच समजत नव्हती. त्यांपैकी एक मुलगा लवकरच मरण पावला. दुसऱ्याला एका सहृदय कुटुंबाने आश्रय दिला आणि त्याचे नाव इव्हान थॉमस असे ठेवले. हा अनाथ मुलगा मोठा झाला, तेव्हा त्याच्या हातांत एक विलक्षण गुण असल्याचे गावकऱ्यांच्या ध्यानात आले. जनावराचे मोडलेले हाड तो नुसत्या स्पर्शाने ओळखी आणि ते अलगद जागेवर बसवून बांधून टाकी. पुढे लोक आपले मोडलेले हातपायही त्याच्यापुढे घेऊन येऊ लागले.

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून असे हाडवैद्य पूर्वीपासून होते व आजही कोठे कोठे आढळतात. बांबूच्या कामट्या, कापडाच्या पट्ट्या आणि बापाकडून मुलाकडे आलेले हाताचे कसब हीच त्यांची सामग्री. अँगलसीच्या या घराण्यातही ती विद्या अशीच वाहत राहिली. इव्हानचा मुलगा हाडवैद्य झाला आणि नातूही हाडवैद्य झाला. याच घराण्याच्या चौथ्या पिढीत, २३ ऑगस्ट १८३४ रोजी, ह्यू ओवेन थॉमस याचा जन्म झाला.

ह्यूच्या वडिलांचे नावही पणजोबांप्रमाणे इव्हान थॉमस असेच होते. ते तरुणपणी बेट सोडून इंग्लंडमधील लिव्हरपूल या बंदरात येऊन राहिले. त्या काळी लिव्हरपूलचा व्यापार झपाट्याने वाढत होता. गोदीत रात्रंदिवस माल चढे व उतरे. मजुरांच्या अंगावर ओझी पडत. शिडांच्या दोरावरून खलाशी खाली कोसळत. जहाजे बांधणाऱ्या कामगारांचे हात यंत्रांत सापडत. अशा लोकांना इव्हान थॉमस यांचे घर ठाऊक झाले. त्यांच्या दाराशी रोग्यांची रीघ लागली. परंतु त्यांच्यापाशी वैद्यकाची पदवी नव्हती. शहरातील काही डॉक्टरांना त्यांचा हा व्यवसाय खपेना. त्यांच्यावर न्यायालयात खटले झाले. त्यांतून ते सुटले खरे. तथापि, आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहण्याचे दुःख त्यांच्या मनात खोल रुतून बसले. आपल्या मुलांना तरी असे उभे राहावे लागू नये, म्हणून पाचही मुलांना रीतसर वैद्यक शिकवण्याचा त्यांनी निश्चय केला आणि तो पार पाडला.

या पाच भावांत ह्यू सर्वांत थोरला. तो अंगाने किरकोळ आणि प्रकृतीने अशक्त होता. लहानपणी एकदा खेळताना दगड लागून त्याच्या एका डोळ्याच्या पापणीला इजा झाली. तेव्हापासून डोळा झाकण्यासाठी टोपी कपाळावर तिरकी ओढून घेण्याची त्याला सवय लागली आणि ती जन्मभर टिकली. वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास तो उत्तर वेल्समधील सेंट असाफ या गावी आपल्या मामांकडे उमेदवारीस राहिला. हे मामा स्वतः डॉक्टर होते. तेथे चार वर्षे काढल्यावर त्याने प्रथम एडिंबरो येथे व मग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिक्षण घेतले. १८५७ साली रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स या संस्थेची सदस्यपदवी त्याला मिळाली. ज्या घराण्याला डॉक्टर लोक अडाणी म्हणून हिणवीत, त्या घराण्यातील मुलगा आता त्यांच्याच पंक्तीला येऊन बसला.

पदवी घेऊन तरुण डॉक्टर लिव्हरपूलला परतले आणि वडिलांच्या हाताखाली काम करू लागले. पितापुत्रांचे हे सहकार्य फार दिवस टिकले नाही. एकाने सारी विद्या बोटांनी मिळवली होती. दुसऱ्याने त्या बोटांच्या विद्येला शरीरशास्त्राची जोड दिली होती. दोघेही स्वभावाने मानी होते आणि कोणीच माघार घेणारा नव्हता. अखेर डॉक्टर थॉमस यांनी आपला स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. त्यांची स्थिती मोठी अवघड होती. डॉक्टरांच्या दृष्टीने ते हाडवैद्याचे पोर होते आणि घरच्यांच्या दृष्टीने पुस्तकी डॉक्टर. शहरातील कोणत्याही मोठ्या रुग्णालयात त्यांनी कधी अधिकारपद भूषवले नाही. पुढे गोदीच्या वस्तीजवळ ११, नेल्सन स्ट्रीट येथे त्यांनी घर घेतले. तेच त्यांचे रुग्णालय, तीच त्यांची कार्यशाळा आणि तेच त्यांचे विद्यापीठ झाले.

हाडांच्या व सांध्यांच्या रोगांवर त्या काळी कसे उपचार होत, हे जाणून घेतल्यावाचून डॉक्टर थॉमस यांच्या कार्याची थोरवी ध्यानात येणार नाही. गरीब वस्त्यांतून सांध्यांचा क्षय फार पसरलेला असे. लहान मुलांचा खुबा किंवा गुडघा हळूहळू दुखू लागे, सुजे, वाकडा होई आणि त्यात पू धरे. या रोगाचे जंतू कोणते, हे कोणाला ठाऊक नव्हते; ते १८८२ साली रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने शोधून काढले. त्यावर गुणकारी औषधे मिळण्यास तर विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. रोग्याच्या सांध्यावर पोटिसे बांधीत, कातडीवर फोड आणणारी औषधे लावीत. पुष्कळ डॉक्टर असा सांधा हलवीत राहावा, नाहीतर तो आखडून जाईल, असे मानीत. एवढ्याने गुण आला नाही म्हणजे सांध्याची हाडे कापून काढीत, किंवा सारा पायच छाटून टाकीत. शस्त्रक्रियेनंतर जखम चिघळून कित्येक रोगी दगावत. जे वाचत, त्यांना जन्मभर कुबडी घेऊन चालावे लागे; आणि गोदीतील मजुराचा पाय गेला, की त्याच्या घरातील चूल विझे.

डॉक्टर थॉमस यांचे मत याच्या अगदी उलट होते. सांधा दुखतो, याचा अर्थच तो विश्रांती मागतो, असे ते सांगत. दुखणाऱ्या सांध्याला मिळणारी विश्रांती सक्तीची असली पाहिजे, तिच्यात खंड पडता कामा नये आणि ती पुरेसा काळ चालली पाहिजे, हे त्यांच्या उपचाराचे सूत्र होते. अंथरुणावर नुसते पडून राहणे म्हणजे विश्रांती नव्हे. कारण झोपेतही रोगी कूस बदलतो आणि दुखरा सांधा हलतो. म्हणून सांधा स्थिर धरून ठेवणारे एखादे साधन हवे. ते मजबूत असावे, हलके असावे आणि गरिबाला परवडेल इतके स्वस्तही असावे.

असे साधन बाजारात मिळण्यासारखे नव्हते. तेव्हा त्यांनी ते स्वतःच घडवण्याचे ठरवले. आपल्या घराला लागूनच त्यांनी कार्यशाळा उभारली. तेथे एक लोहार भट्टी पेटवून बसे आणि एक कारागीर चामड्याचे काम करी. रोग्याच्या अंगाचे माप घ्यावे, लोखंडाची पट्टी तापवून वाकवावी, तिच्यावर मऊ चामडे मढवावे आणि ती रोग्याच्या अंगावर बसवून पाहावी, असे काम तेथे चाले. खुब्यासाठी, गुडघ्यासाठी, घोट्यासाठी, मानेसाठी अशी निरनिराळी साधने या कार्यशाळेतून बाहेर पडली. त्यांतील पायासाठी केलेले एक साधन पुढे जगभर थॉमस स्प्लिंट म्हणून प्रसिद्धीस आले.

या स्प्लिंटची रचना अगदी साधी होती. जांघेभोवती बसणारे एक लोखंडी कडे. त्याला चामड्याची जाड गादी. कड्याच्या दोन बाजूंनी दोन लोखंडी सळया पायाच्या दोन्ही अंगांनी खाली जात आणि तळपायाच्या पलीकडे एकमेकींना मिळत. पाय या दोन सळयांच्या मध्ये पट्ट्यांच्या झोळीत विसावे आणि त्याला खालच्या टोकाकडे ताण देऊन बांधून ठेवता येई. या साधेपणात मोठे शहाणपण साठवलेले होते. मांडीचे हाड हे शरीरातील सर्वांत लांब हाड होय. ते मोडले म्हणजे मांडीचे बळकट स्नायू आखडतात आणि हाडाचे तुकडे एकमेकांवर चढतात. पाय आखूड होतो; हाडाची अणकुचीदार टोके आतील मांस व रक्तवाहिन्या फाडतात; रोग्याला नुसते उचलले तरी असह्य वेदना होतात. थॉमस यांच्या स्प्लिंटमध्ये वरचे कडे जांघेच्या हाडाला टेकून राही आणि पाय खाली ताणलेला राही. त्यामुळे हाडाचे तुकडे ओळीत येत आणि हलत नसत. कितीही मोठे यंत्र करू शकले नसते, ते काम एक कडे आणि दोन सळया करीत होत्या.

क्ष-किरणांचा शोध १८९५ साली लागला. त्यापूर्वी शरीराच्या आतील हाड पाहण्याचा कोणताही उपाय नव्हता. डॉक्टर थॉमस यांना जे काही कळे, ते डोळ्यांनी आणि बोटांनी. खुब्याचा रोग ओळखण्याची त्यांची एक युक्ती फार मार्मिक होती. खुबा आखडलेला रोगी उताणा निजला, तरी त्याचा पाय सरळ दिसतो. कारण तो नकळत कंबरेची कमान करून आपले व्यंग झाकतो. डॉक्टर थॉमस अशा रोग्याला सपाट फळीवर निजवीत आणि त्याची निरोगी मांडी दुमडून पोटाशी आणीत. त्यासरशी कंबरेची कमान मोडे, पाठ फळीला टेके आणि दुखरी मांडी आपोआप वर उचलली जाई. ती जितकी वर येई, तितका खुबा आखडलेला असे. या परीक्षेला कोणतेही उपकरण लागत नाही. अस्थिरोगांचे शिक्षण घेणारे विद्यार्थी, मग ते लंडनचे असोत की मुंबई-पुण्याचे, ही परीक्षा आजही थॉमस यांच्याच नावाने शिकतात.

डॉक्टरांचा दिवस पहाटेच सुरू होई. अंगात गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला काळा कोट, डोक्यावर डोळ्यावर ओढलेली खलाशी टोपी, ओठांत सिगारेट आणि घोडागाडीत बसलेली ती लहानखुरी मूर्ती लिव्हरपूलच्या गल्लीबोळांत सर्वांच्या ओळखीची झाली होती. घरी येऊ न शकणाऱ्या रोग्यांना भेटून ते परतत, तो नेल्सन स्ट्रीटवर रोग्यांची गर्दी जमलेली असे. रविवारी ही गर्दी विशेष मोठी असे. कारण त्या दिवशी गोरगरिबांना फुकट तपासले जाई. दूरदूरच्या गावांहून आईबाप आपली पांगळी मुले खांद्यावर घेऊन येत. दिवसभर राबून रात्री डॉक्टर पुन्हा कार्यशाळेत जात किंवा लिहीत बसत.

१८७५ साली त्यांनी खुबा, गुडघा व घोटा या सांध्यांच्या रोगांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी आपली उपचारपद्धती व साधने सविस्तर वर्णिली होती. तथापि, डॉक्टरमंडळींवर या ग्रंथाचा फारसा परिणाम झाला नाही. लंडनपासून दूर, एका बंदरात, एका हाडवैद्याच्या मुलाने लोहाराकडून करवून घेतलेल्या सळयांकडे कोण लक्ष देणार? त्यात डॉक्टर थॉमस यांच्या लेखणीला धार फार होती. प्रतिपक्षाच्या चुका दाखवताना ते कोणाचीही भीड ठेवीत नसत. त्यांच्या या तिखटपणाने माणसे जोडली जाण्याऐवजी दुरावली. सत्य त्यांच्या बाजूला होते. परंतु ते गोड करून सांगण्याची कला त्यांना साधली नाही. रोग्याच्या उशाशी हाच मनुष्य अत्यंत मायाळू होई, हे त्यांच्या टीकाकारांना ठाऊक नव्हते.

डॉक्टर थॉमस व त्यांची पत्नी एलिझाबेथ यांना मूलबाळ नव्हते. १८७३ साली एलिझाबेथबाईंचा सोळा वर्षांचा भाचा रॉबर्ट जोन्स वैद्यक शिकण्यासाठी त्यांच्या घरी राहावयास आला. या मुलाने मामांच्या हाताखाली हाड बसवण्याचे, पट्टी बांधण्याचे, लोखंड वाकवण्याचे सारे शिक्षण घेतले. मामांची विद्या त्याने पूर्णपणे उचलली. परंतु त्यांचा रागीटपणा मात्र उचलला नाही. तो हसतमुख, गोड बोलणारा आणि सर्वांशी जुळवून घेणारा होता. १८८८ साली मँचेस्टर शहर समुद्राशी जोडणाऱ्या मोठ्या कालव्याच्या कामावर शस्त्रवैद्य म्हणून त्याची नेमणूक झाली. कालव्यावर हजारो मजूर खपत होते आणि अपघात नित्याचे होते. तेथे जोन्स यांनी कालव्याच्या काठाने रुग्णालयांची साखळी उभारली आणि मामांच्या पद्धतीने असंख्य मजुरांची मोडलेली हाडे सांधली. अमेरिकेतील डॉक्टर जॉन रिडलन हेही लिव्हरपूलला येऊन ती पद्धत पाहून गेले आणि त्यांनी आपल्या देशात तिचा पुरस्कार केला. जाणकारांची दृष्टी हळूहळू नेल्सन स्ट्रीटकडे वळू लागली होती.

हा बदल पुरता पाहण्याचे डॉक्टर थॉमस यांच्या नशिबी नव्हते. अतिश्रमाने त्यांची मुळातली अशक्त प्रकृती झिजून गेली होती. कडाक्याच्या थंडीत त्यांना न्यूमोनियाने गाठले आणि ६ जानेवारी १८९१ रोजी, वयाच्या अवघ्या छप्पन्नाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. त्यांच्या अंत्ययात्रेला लिव्हरपूलचे कष्टकरी हजारोंच्या संख्येने लोटले. विद्वत्सभांनी ज्यांची फारशी दखल घेतली नव्हती, त्यांना या लोकांनी डोळ्यांत पाणी आणून निरोप दिला.

त्यानंतर तेवीस वर्षांनी, १९१४ साली, पहिले महायुद्ध पेटले. फ्रान्सच्या रणभूमीवर तोफगोळ्यांनी व बंदुकीच्या गोळ्यांनी सैनिकांच्या मांड्यांची हाडे चुरू लागली. जखमी सैनिकाला चिखलातून, खंदकांतून उचलून मागे नेईपर्यंत हाडाची टोके आत रुतत. रक्तस्राव व वेदना यांनी तो वाटेतच गलितगात्र होई. युद्धाच्या आरंभी मांडीचे हाड मोडून जखम झालेल्या सैनिकांपैकी शंभरांत सुमारे ऐंशी मृत्युमुखी पडत, असे त्या काळच्या सेनावैद्यांनी नमूद केले आहे. रॉबर्ट जोन्स आता सैन्यात अधिकाराच्या जागी होते. मामांचे ते लोखंडी कडे आणि त्या दोन सळया त्यांना आठवल्या. जखमी जेथे पडला असेल तेथेच, त्याला हलवण्यापूर्वी, थॉमस स्प्लिंट बांधावा, असा त्यांनी आग्रह धरला. जखमींना वाहून नेणाऱ्या शिपायांना तो बांधण्याचे शिक्षण देण्यात आले. रात्रीच्या काळोखातही हात चुकू नये, म्हणून डोळे बांधून त्यांचा सराव घेत. १९१७ साली आरास येथे मोठी लढाई झाली, तेव्हा अशा जखमींपैकी दगावणाऱ्यांचे प्रमाण शंभरांत सुमारे सोळावर आले होते. जखमा लवकर व नीट साफ करण्याच्या सुधारलेल्या पद्धतीचाही त्यात वाटा होता. तथापि, जखमी सैनिक शस्त्रवैद्याच्या टेबलापर्यंत जिवंत पोहोचे, तो मुख्यतः त्या स्प्लिंटमुळेच.

शंभरांत ऐंशी आणि शंभरांत सोळा या दोन आकड्यांच्या मध्ये किती घरे उभी राहिली असतील! पाय शाबूत घेऊन घरी परतलेल्या त्या सैनिकांपैकी बहुतेकांना ह्यू ओवेन थॉमस हे नावही ठाऊक नव्हते.

आज वैद्यकशास्त्र फार पुढे गेले आहे. सांध्यांच्या क्षयावर औषधे आहेत, मोडलेल्या हाडात धातूची सळई घालून रोग्याला थोड्याच दिवसांत चालवता येते आणि दीर्घकाळ निश्चल ठेवण्याऐवजी सांधा वेळीच हलता करण्यावर डॉक्टरांचा भर असतो. डॉक्टर थॉमस यांची काही मते त्यामुळे मागे पडली आहेत. असे असले, तरी अपघातात मांडीचे हाड मोडलेल्या रोग्याला सुरक्षितपणे हलवण्यासाठी त्यांचा स्प्लिंट अजूनही वापरला जातो. भारतातील रुग्णालयांतही गादी लावलेले ते कडे व त्या दोन सळया आढळतात.

समुद्राने अँगलसीच्या खडकांवर आणून टाकलेल्या एका अनाथ मुलाच्या बोटांत जी विद्या होती, ती पणतवाने शास्त्राच्या कसोटीवर घासून घेतली आणि लोखंडाच्या रूपाने साऱ्या जगाच्या हाती दिली. पाय कापण्याची घाई न करता त्याला बरे होण्यास अवसर द्यावा, एवढेच ते आयुष्यभर सांगत राहिले. लिव्हरपूलच्या गोदीत आपल्या दोन पायांवर चालत कामाला जाणारे मजूर हीच त्यांची पदके होती.